नवजात बाळाच्या रात्रीची घडी बसवताना : पहिल्या तीन महिन्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

आमची मुलगी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस सुरू होता होता जन्मली आणि पहिले सहा आठवडे तिने दिवस-रात्रीची सरळ अदलाबदल करून टाकली. सकाळी न्हाणे झाले की ती दुपारी दोनपर्यंत गाढ झोपत असे, आणि रात्री घोडबंदर रस्त्यावरच्या रिक्षांची वर्दळ थांबली की टक्क डोळे उघडून पंख्याकडे पाहत पडत असे. त्या दिवसांत मी जे तक्ते वाचले, त्यांतल्या बहुतेकांत बाळाला संध्याकाळी सात वाजता झोपवावे असे लिहिलेले होते. आमच्याकडे सात वाजता दिवेलागण होते, साडेसातला कुकर लागतो, आठपासून टीव्हीवर मालिका सुरू होतात, आणि बाळाचे बाबा मुंबईतल्या ऑफिसातून लोकल व पुढे बस पकडून नऊच्या सुमाराला मानपाड्याला घरी पोहोचतात. सात वाजता झोपणारे बाळ या घरात मावणार तरी कसे, हे त्या तक्त्यांनी सांगितलेले नव्हते.

दोन-अडीच महिन्यांच्या धडपडीनंतर आमच्या लक्षात आले ते असे, की एवढ्या लहान बाळाला शिस्त लावता येत नाही आणि लावूही नये. शिस्त लावायची ती घरातल्या मोठ्यांना. बाळाला घड्याळ कळत नाही. एकामागून एक रोज त्याच क्रमाने घडणाऱ्या गोष्टी मात्र त्याला हळूहळू कळू लागतात. तो क्रम घरातल्या प्रत्येकाने पाळला, तर बाळ आपल्या वेळेने त्यात येऊन बसते. पुढच्या पायऱ्या त्याच समजुतीवर बेतलेल्या आहेत. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, वजन कमी असेल किंवा काही उपचार चालू असतील, तर यातले काहीही आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय करू नका.

सुरुवात करण्यापूर्वी : बाळाची झोप असते तरी कशी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या तीन महिन्यांत बाळाला चोवीस तासांत १४ ते १७ तास झोप लागते. आकडा मोठा दिसतो. पण ही झोप तुकड्यातुकड्यांत विभागलेली असते, कारण बाळाचे पोट लहान असते आणि त्याला दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध लागते. जन्मानंतर घटलेले वजन भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण पहिले दहा ते चौदा दिवस, बाळ झोपलेले असले तरी दर दोन-तीन तासांनी उठवूनच पाजावे लागते. त्या काळात रात्रीच्या क्रमाचा विचारही मनात आणू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे, अंधार पडला की झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक बाळाच्या शरीरात दिवस-रात्रीच्या तालावर तयार होऊ लागायला सुमारे दोन ते तीन महिने लागतात. त्यामुळे पहिल्या महिन्यात बाळ रात्री जागते हा कुणाचाच दोष नसतो. शिवाय संध्याकाळचे रडणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरते. हे मला कुणी आधी सांगितले असते, तर सहाव्या आठवड्यात माझे दूध पुरत नाही या समजुतीने मी जे रडून घेतले, ते वाचले असते. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नका. दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी होते का आणि वजन वाढते का, हे पाहा.

म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत फक्त पहिल्या तीन पायऱ्या करा आणि चौथी पायरी सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू करा.

जवळ काय असावे

खरेदीच्या बाबतीत आमच्यासारखी चूक करू नका. आम्ही बाळ येण्याआधीच एका दुकानातून बाळाच्या अंथरुणाचा संच आणला. त्यात छोटी उशी, दोन लोड, गुबगुबीत रजई आणि कडेने लावायच्या गाद्या होत्या. पुढे तिसऱ्या पायरीत सांगितलेल्या कारणांमुळे त्यातली फक्त चादर उपयोगी पडली. खरोखर लागते ते एवढेच:

– कडक, सपाट गादी, तिच्यावर ताणून बसणारी चादर आणि खाली मेणकापड
– मऊ सुती दुपटी सहा-सात, झबली, आणि पावसाळा असेल तर नेहमीच्या दुप्पट बाळोती (आमची दोन-दोन दिवस वाळत नसत, म्हणून रात्रीपुरते डायपर वापरले)
– ताणून लावता येईल अशी मच्छरदाणी
– मंद पिवळ्या उजेडाचा झिरोचा दिवा
– डिजिटल तापमापक
– एक वही आणि पेन

कागदांपैकी माता व बाल संरक्षण कार्ड, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि वजनाच्या नोंदी एकाच प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून दाराजवळच्या कपाटात ठेवा. रात्री अडीच वाजता डॉक्टरांकडे निघावे लागले, तर त्या वेळी कागद शोधण्याची शुद्ध नसते. वहीत दूध, लघवी-शी आणि झोप यांच्या वेळा लिहा. मोबाइलमध्ये लिहिण्यापेक्षा वही बरी, कारण ती घरातल्या सगळ्यांना दिसते आणि मध्यरात्री तिच्यातून उजेड येत नाही.

१. दिवस दिवसासारखा आणि रात्र रात्रीसारखी ठेवा

हे काम दवाखान्यातून घरी आल्याच्या दिवसापासून सुरू करता येते. सकाळी ठरलेल्या वेळी, समजा सात वाजता, पडदे उघडा आणि बाळाला उजेडात आणा. पावसाळ्यात ऊन नसले तरी चालते. ढगाळ आकाशाचा उजेडही घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो. आम्ही येऊरच्या डोंगराच्या बाजूच्या गॅलरीत, वाऱ्याची झोत लागणार नाही अशा कोपऱ्यात, तिला घेऊन दहा-पंधरा मिनिटे बसत असू.

दिवसा बाळ झोपले म्हणून घर अंधारात बुडवू नका आणि कुजबुजतही बोलू नका. मिक्सर, दाराची घंटा, भाजीवाल्याची हाक, सगळे चालू द्या. दिवसाची झोप तीन तासांच्या पुढे गेली, तर हळूच उठवून दूध पाजा. रात्री याच्या अगदी उलट वागा: दिवा मंद, आवाज हळू, आणि बाळाशी कामापुरतेच बोलणे. हे सगळ्यांत अवघड जाते, कारण रात्री दोन वाजता बाळ आपल्याकडे बघून डोळे मोठे करते तेव्हा त्याच्याशी बोलल्याशिवाय राहवत नाही. तो मोह सकाळपर्यंत राखून ठेवा.

२. सकाळच्या न्हाण्याचा हिशेब मांडा

परदेशी तक्त्यांत संध्याकाळचे स्नान हा झोपेच्या क्रमाचा कणा असतो. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई सकाळी दहाला येते, तेल लावून रगडते, बाळाला पायांवर घेऊन कढत पाण्याने न्हाऊ घालते, आणि गुंडाळून दिलेले बाळ त्यानंतर तीन-साडेतीन तास ढाराढूर झोपते. वहीत पंधरा दिवसांच्या नोंदी लिहून झाल्यावर आम्हाला कळले की आमच्या मुलीची दिवसभरातली सर्वांत लांब झोप हीच होती, आणि ती नेमकी भर दुपारी खर्च होत होती.

बाईंची वेळ बदलता येत नाही, कारण त्यांना त्याच भागात आणखी तीन-चार घरे करायची असतात. त्यासाठी भांडूही नका. तीन गोष्टी मात्र करता येतात. एक, न्हाणे शक्य तेवढे लवकर करून घ्या. आमच्या बाईंनी आम्हाला दहाऐवजी साडेआठची पहिली पाळी दिली आणि त्याने मोठा फरक पडला. दोन, न्हाण्यानंतरची झोप पडदे उघडे ठेवून होऊ द्या आणि तीन तासांनी दुधासाठी उठवा. तीन, न्हाण्याची एक छोटी प्रत संध्याकाळी करा. ती कशी, ते चौथ्या पायरीत येईल.

पाणी कोपराने तपासा. नाका-कानांत तेल घालणे आणि न्हाण्यानंतर ओवा-धुपाची धुरी देणे यांना नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. धुराने बाळाच्या श्वसनमार्गाला त्रास होतो आणि त्याचा सर्दीवर काही उपयोग नसतो.

३. झोपण्याची जागा एकच आणि मोकळी ठेवा

या पायरीत तडजोड करू नका. बाळाला दिवसा आणि रात्री, प्रत्येक झोपेला, पाठीवरच झोपवा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ मध्ये बाळांना पोटावर झोपवू नये असा सल्ला दिला, १९९४ पासून त्याची देशव्यापी मोहीम झाली, आणि त्यानंतर तिथले झोपेतल्या आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. गादी कडक आणि सपाट असावी. तिच्यावर उशी, लोड, रजई, मऊ खेळणी यांतले काहीही नको.

घरातून पहिला विरोध होईल तो मोहरीच्या उशीवरून. डोके गोल व्हावे म्हणून ती ठेवतात. डोके एका बाजूला चपटे होऊ नये यासाठी झोपवताना बाळाचे तोंड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करा, आणि बाळ जागे असताना दिवसातून काही वेळा, आपल्या नजरेसमोर, थोडा वेळ पोटावर ठेवा. दुसरा प्रश्न झोळीचा. साडीच्या झोळीत बाळाची मान पुढे वाकून हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाचा मार्ग अरुंद होतो. आमच्याकडे बारशाचा लाकडी पाळणा सासूबाईंनी माळ्यावरून उतरवून पॉलिश करून घेतला होता. त्याला नाही म्हणणे मला जमले नाही आणि जमवायचेही नव्हते. दिवसा कुणीतरी शेजारी बसलेले असताना ती त्यात झुलत असे आणि डोळा लागला की आम्ही तिला सपाट गादीवर हलवत असू.

झोपताना टोपडे, कुंची आणि गळ्यातला काळा दोरा काढून ठेवा. दुपट्यात बांधत असाल तर हात आवळले तरी चालतात, पण कंबरेखाली पाय बेडकासारखे हलवता आले पाहिजेत. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागले की बांधणे पूर्ण थांबवा. बाळाचे अंथरूण पहिले सहा महिने तरी आई-बाबांच्याच खोलीत, त्यांच्या पलंगाला लागून पण स्वतंत्र असावे.

आता एक कबुली. पाचव्या आठवड्यात एका पहाटे, पलंगावर पाजताना मला डुलकी लागते म्हणून मी मुद्दाम बाहेर सोफ्यावर जाऊन बसले. दूधवाल्याच्या बेलने जाग आली तेव्हा मुलगी माझ्या कोपरावरून घसरून सोफ्याची पाठ आणि गादी यांच्या फटीत गेली होती आणि तिचे नाक कापडाला टेकले होते. तिला काही झाले नाही. माझे हात मात्र त्या दिवशी चहाचा कप धरतानाही थरथरत होते. सोफा आणि आरामखुर्ची या बाळाला घेऊन झोप लागण्याच्या सर्वांत धोक्याच्या जागा आहेत. झोप अनावर होत असेल, तर बाळ दुसऱ्याच्या हातात द्या. दुसरे कुणी नसेल, तर रडत असले तरी त्याला त्याच्या अंथरुणावर ठेवा.

४. संध्याकाळचा क्रम ठरवा आणि तो फ्रिजवर लावा

साधारण सहाव्या आठवड्यापासून रोज तोच, तीस ते चाळीस मिनिटांचा क्रम सुरू करा. वेळ आपल्या घराला झेपेल अशी निवडा. या वयाची बाळे तशीही रात्री उशिराच झोपतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून त्यांची वेळ आपोआप अलीकडे सरकू लागते. म्हणून सातचा हट्ट सोडून आम्ही नऊ वाजता सुरुवात आणि साडेनऊ-पावणेदहाला झोप असे ठरवले.

आमच्या क्रमाची पहिली ओळ सासूबाईंनी दिली. त्या रोज मीठ-मोहरीने बाळाची दृष्ट काढत. सुरुवातीला मला ते अडचणीचे वाटे. मग लक्षात आले की या घरात रोज न चुकता, त्याच व्यक्तीच्या हातून, त्याच शब्दांत होणारी ही एकच गोष्ट आहे आणि क्रमाला नेमके तेच हवे असते. आम्ही ती सातवरून नऊवर आणली आणि मिरच्या जाळणे बंद केले. दृष्ट निघाली की टीव्ही बंद, बैठकीतला मोठा दिवा बंद. त्यानंतर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या पंचाने अंग पुसणे, तळपायांना दोन थेंब तेल, कोरडे बाळोते किंवा डायपर, रात्रीचे झबले. मग मंद दिव्यात दूध, ढेकर, आणि शेवटी अंगाई म्हणत पाच मिनिटे थोपटणे. अंगाई एकच ठरवा. कुणाचा गळा कसा आहे याला महत्त्व नाही. माझा नवरा सुरात गात नाही आणि मुलीला त्याचीच अंगाई लागते.

हा क्रम मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा, कारण आजी, आत्या, बाबा, ज्याच्या हातात बाळ असेल त्याने त्याच क्रमाने जावे. सगळ्यांत मोठा अडथळा बाळाला बघायला येणाऱ्यांचा असतो. आपल्याकडे लोक जेवणे उरकून साडेआठला येतात, झोपलेले बाळ उचलून कडेवर घेतात आणि साडेदहाला निघतात. भेटीची वेळ पाच ते सात असल्याचे नातेवाइकांच्या गटावर आधीच कळवा. दोन माणसे रागावतील; बाराव्या दिवशीच्या बारशाला सगळे भेटून गेलेले असतात, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका.

तिन्हीसांजेला बाळाला झोपू देऊ नये असे घरातले सांगतात. दीड-दोन महिन्यांच्या आत भुकेले-पेंगुळलेले बाळ जबरदस्तीने जागवू नका. अति थकलेले बाळ लवकर झोपत नाही, उलट तासभर किंचाळते. दोन महिन्यांनंतर मात्र सातनंतरची डुलकी अर्ध्या-पाऊण तासात आटोपली, तर नऊचा क्रम नीट लागतो, हे आम्हीही पाहिले.

५. डोळे जड झाले की खाली ठेवा

बाळ पूर्ण झोपण्याआधी, डोळे मिटू लागल्यावर अंथरुणावर ठेवायचे असते, म्हणजे आपण कुठे झोपलो ते त्याला ठाऊक राहते. हे वाचायला सोपे आहे. आधी बाळाचा पार्श्वभाग टेकवा, मग पाठ, सर्वांत शेवटी डोके; हात लगेच काढून घेऊ नका, छातीवर हलकेच ठेवून एक-दोन मिनिटे थांबा. दचकून हात फेकले तर ते हात छातीशी धरून ठेवा. दहांपैकी आठ वेळा बाळ रडेल आणि पुन्हा उचलावे लागेल. उचला. पाजता पाजता झोपले तरी काही बिघडत नाही. दिवसातून एकदा, रात्रीच्या पहिल्या झोपेला, खाली ठेवून पाहा आणि जमले नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. बाळाला रडत ठेवून झोपायला शिकवण्याच्या पद्धती या वयासाठी नाहीत.

दचकू नये म्हणून उशाशी चाकू किंवा अडकित्ता ठेवण्याची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. आमच्याकडचा अडकित्ता गादीखालून निघून कपाटाच्या डोक्यावर गेला. अंथरुणाच्या वरच्या बाजूला असला की झाले, यावर सासूबाईंशी आमचा समेट झाला.

६. मध्यरात्री घाई करू नका

झोपेत बाळ हसले की सटवाई हसवते आणि मुसमुसले की सटवाई रडवते, असे आजी सांगत असे. नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप हलकी, चळवळीची असते. त्यात ते कुंथते, कण्हते, तोंड वाकडे करते, हातपाय झाडते, क्षणभर डोळेही उघडते आणि तरीही झोपलेलेच असते. आम्ही पहिले महिनाभर प्रत्येक आवाजाला तिला उचलत होतो, म्हणजे आम्हीच तिला उठवत होतो. आवाज आला की आधी एक-दोन मिनिटे नुसते पाहा. खरेच भूक असेल तर तोंड हाताकडे वळते, जीभ बाहेर येते आणि आवाज चढत जातो.

उठलेच तर दिवा मंदच ठेवा, लंगोट भिजलेला असेल तर दुधाच्या आधी बदला, कारण नंतर बदलला की लागलेली झोप मोडते. पाजा, खांद्यावर उभे धरून ढेकर काढा, पुन्हा पाठीवर ठेवा.

७. रात्र वाटून घ्या

स्तनपान आईलाच करावे लागते म्हणून सगळी रात्र तिचीच, हा हिशेब चुकीचा आहे. बाळाला उचलून आणणे, बदलणे, ढेकर काढणे, पुन्हा झोपवणे ही चारही कामे बाबांची होऊ शकतात. आमच्याकडे रात्री दोनपर्यंतचे प्रत्येक उठणे नवऱ्याचे आणि दोननंतरचे माझे, असे ठरले; मी मात्र साडेनऊलाच झोपत असे. नऊला घरी येणाऱ्या बापाला बाळाशी खेळायचे असते, हे समजण्यासारखे आहे. त्याला खेळ सकाळी सात वाजता गॅलरीत द्या आणि रात्री अंग पुसणे व अंगाई हे काम द्या.

दोन आठवड्यांहून अधिक काळ आईला सतत रडू येत असेल, बाळ झोपले तरी झोप लागत नसेल, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर हे बाळंतपणातले नेहमीचेच म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा, सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवस-रात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. इजेचा विचार मनात असेल, तर बाळंतिणीला क्षणभरही एकटे ठेवू नका आणि लगेच रुग्णालय गाठा.

८. झोपेसाठी पोटात काहीही देऊ नका

गुटी, जायफळ उगाळून, मध, ग्राइप वॉटर, साखरेचे पाणी, यांपैकी काहीतरी सुचवणारे माणूस तुम्हाला पहिल्या आठवड्यातच भेटेल. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, किंवा डॉक्टरांनी सांगितले असेल तर वरचे दूध, पाणीसुद्धा नाही. मध एक वर्षापर्यंत पूर्ण वर्ज्य आहे, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. जायफळाने येणारी गुंगी हा विषाचाच परिणाम असतो. मुंबईत गिरणीवर जाणाऱ्या बायका एकेकाळी तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. तेव्हाही मुले शांत झोपत. डॉक्टरांनी लिहून दिलेले ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालू ठेवा आणि तेही सकाळी द्या.

९. आवाज, डास आणि उकाडा

आमच्या खिडकीखाली सेवारस्ता आणि पलीकडे मेट्रोचे काम. पहिल्या रात्री मला वाटले की इथे बाळ झोपणे अशक्य. प्रत्यक्षात सलग येणाऱ्या घरघरीने ते उठत नाही. एकदम वाजणारा हॉर्न, आदळलेले दार, दारावरची बेल यांनी उठते. बेलवर रात्रीपुरती चिकटपट्टी लावा. संथ आवाजाचे यंत्र वापरायचेच असेल, तर ते अंथरुणापासून दोन मीटर तरी लांब आणि हळू ठेवा. गणपतीत आणि लग्नसराईत लक्षात ठेवण्यासारखे म्हणजे, ध्वनी प्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली जाते आणि निवासी भागात त्या वेळेची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आधी मंडळाच्या कार्यकर्त्याला खाली जाऊन भेटा. बाळ लहान आहे म्हटल्यावर आमच्याकडे लगेच स्पीकरचे तोंड फिरवले गेले.

डासांसाठी मच्छरदाणीच, कॉइल आणि धूप बंद खोलीत लावू नका. मच्छरदाणी सैल लोंबत असेल तर ती बाळाच्या तोंडावर येते, म्हणून ताणून बांधा. एसी आम्ही सव्वीसवर ठेवत असू, झोत थेट अंगावर येणार नाही असा, पंखा चालतो. हातपाय गार लागले म्हणून गुंडाळू नका, मान आणि पाठ तपासा. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी करा.

१०. क्रम बाजूला ठेवून डॉक्टरांकडे कधी जावे

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. दूध ओढेनासे होणे, उठवूनही न उठणे, शांत असताना मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, बरगड्यांखाली खळगा पडणे, ओठ निळसर दिसणे, लघवी एकदम कमी होणे, आकडी येणे, यांपैकी काहीही दिसले तर तसेच करा. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसीनंतरच्या रात्री बाळ किरकिरते आणि थोडा ताप येऊ शकतो. औषध द्यायचे का आणि वजनानुसार किती थेंब, हे लस टोचतानाच लिहून घ्या.

११. घडी मोडल्यावर

ती मोडणारच. लस, सर्दी, पाहुणे, प्रवास, आणि चौथ्या महिन्याच्या आसपास बाळाची झोप मोठ्यांसारखी होऊ लागते तेव्हाचे पुन्हा वारंवार उठणे. मोडलेल्या रात्रीची भरपाई दुसऱ्या दिवशी लवकर झोपवून करायला जाऊ नका. सकाळचा उजेड आणि रात्रीचा क्रम एवढे दोन पुन्हा धरा. दिवाळीला आम्ही पहिल्यांदा चिपळूणला गेलो, तेव्हा गादीवरची चादर न धुता तशीच घडी करून नेली, म्हणजे वास घरचा राहील. पहिल्या दोन रात्री मुलगी जागीच होती. तिसऱ्या रात्री सासूबाईंनी नऊ वाजता मुठीत मीठ-मोहरी घेतली आणि तिने त्यांच्याकडे बघत मोठी जांभई दिली.